लिंबू खोचलेली जर्मन कट्यार

माझ्या जळगावच्या घरात, पाहुण्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, जर्मनीच्या सरकारी नोकरांच्या शोभेच्या कट्यारी आहेत. वनखात्याच्या, अग्निशमन दलाच्या, खाणखात्याच्या. सैन्यातल्याही थोड्या आहेत, पण माझा जीव नागरी खात्यांच्या कट्यारींवर. तिकडे एके काळी साध्या वनाधिकाऱ्यालाही समारंभाच्या दिवशी गणवेशावर कमरेला अशी कट्यार लावून उभं राहावं लागे. तिला धार नसायची. ती मिरवण्यासाठीच केलेली असे. मिरवायच्या वस्तू माणसं मन लावून बनवतात, म्हणून मला त्या आवडतात.

मी एका पाइपच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. आलेला माल तपासायचा, नोंदवायचा, जागेवर ठेवायचा, मागितला की काढून द्यायचा. घरीही मी तशीच आहे. पहिली कट्यार मला धुळ्याच्या जुन्या बाजारात मिळाली. विकणारा ती नारळ फोडायला चांगली आहे असं सांगत होता. मूठ हातात घेतली तेव्हाच कळलं की नारळाशी हिचा संबंध नाही. पुढे वाचत गेले, परदेशातल्या संग्राहकांना पत्रं लिहीत गेले, लिलावांत हरत गेले आणि कधीकधी जिंकत गेले. बाजारात नकलीच जास्त असतात, त्यामुळे आधी नकली ओळखायला शिकले. एक नियम मात्र पहिल्यापासून पाळला: नाझी राजवटीचं चिन्ह असलेली वस्तू घ्यायची नाही. एका विक्रेत्यानं तशी एक आणली होती. "ताई, स्वस्तिक आहे, देवघरात ठेवा," म्हणाला. मी त्याला ते कसलं चिन्ह आहे हे सांगितलं, चहा पाजला आणि कट्यार त्याच्या पिशवीत परत घातली.

वनखात्याची चांगली कट्यार माझ्याकडे नव्हती. एक होती, पण तिची मूठ तडकलेली आणि पातं कुणीतरी घासून कोरं केलेलं. तिच्याकडे बघितलं की मला नाक नसलेला चेहरा आठवायचा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत हिशेब विभागातली मैत्रीण मला मोबाइलवर तिच्या भाच्याच्या लग्नाचे फोटो दाखवत होती. तिचं माहेर दोंडाईचाचं. हळदीनं पिवळा झालेला नवरदेव पाटावर बसलेला आणि त्याच्या हातात टोकाला लिंबू खोचलेली कट्यार. आपल्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार येते आणि लग्न लागेपर्यंत ती खाली ठेवत नाहीत. हल्ली बहुतेक घरी बाजारातली चकचकीत कट्यार आणतात. ही तशी नव्हती. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"अगं, नवरदेव बघ ना. कट्यार काय बघतेस?"

"नवरदेव छान आहे. मुठीवर ही तीन फळं कसली?"

"सुपाऱ्या आहेत त्या."

"सुपाऱ्या नाहीत."

"आमच्या घरची कट्यार, आणि तू मला सांगणार?"

ती ओक झाडाची फळं होती. जर्मन वनाधिकाऱ्याच्या मुठीवर तीच असतात. नकली मालात त्या फळांच्या टोप्या गुळगुळीत येतात, खऱ्यात त्यांवर बारीक जाळी असते. फोटोत जाळी दिसत होती. तिन्ही फळांवर कुंकू लावलेलं होतं, तरी दिसत होती. पात्यावर मात्र काळा थर होता. त्या थराखाली कोरीव चित्र असणार हे मला माहीत होतं, कारण अशी कट्यार कोऱ्या पात्याची सहसा नसते.

मैत्रिणीनं मग सगळं सांगितलं. तिचे आजोबा, घरातले आबा, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते. इटलीतल्या लढाईहून परत येताना त्यांनी ती आणली. तेव्हापासून त्यांच्या भावकीतल्या प्रत्येक नवरदेवानं तीच हातात धरली. दर लग्नात हळद, कुंकू, शेंदूर आणि लिंबू. पुसायचं कुणी नाही, कारण पूजलेली वस्तू पुसत नाहीत.

"पुढच्या महिन्यात धाकट्या भाच्याचं लग्न आहे," ती म्हणाली. "हळदीलाच चल. नानांना सांगून ठेवते, कट्यार बघायला एक बाई येतायत म्हणून."

तिनं सांगून ठेवलं. तिथंच घोटाळा झाला, पण तो आम्हाला दोंडाईचाला पोहोचल्यावर कळला.

निघताना मी पिशवी भरली. जुन्या धोतराचं मऊ कापड, शिलाई मशिनचं तेल, बांबूच्या बारीक काड्या, मेण, भिंग, टॉर्च. यादीवर खुणा करत होते तेव्हा नवरा दारात उभा.

"लग्नाला चाललीस की ऑपरेशनला?"

"हळदीला."

"अंगठी-बिंगठी घे काहीतरी देण्यासाठी."

"ती पहिल्या कप्प्यात आहे. तू बाजूला हो."

दोंडाईचाला घरासमोर मांडव पडला होता. बायका हळदीची तयारी करत होत्या, फोटोवाला दिव्यांच्या वायरी पसरत होता. नाना दारातच भेटले. नाना म्हणजे मैत्रिणीचे काका, आबांचे धाकटे चिरंजीव आणि आता घरातले वडीलधारे. पांढरं धोतर, करडा आवाज, चेहरा आनंदी.

"या ताई, या. तुम्हनासाठेच धाडी शे."

"काय धाडलंय, नाना?"

"कट्यार. पॉलिशले. तुम्ही इतल्या जळगावथून येई राह्यनात, काळीकुट्ट काय दखाडानी?"

पाहुणा यायचा म्हटला की आपल्याकडे घराला चुना लागतो, भांडी चिंचेनं घासली जातात, पडदे बदलतात. इथं पाहुणी कट्यार बघायला येणार होती, म्हणून त्यांनी कट्यार चमकवायला दिली. इतक्या लग्नांत कुणी हात लावला नाही, तो माझ्या मानासाठी लावला जात होता. पॉलिशच्या बफिंग चाकावर ते पातं काही मिनिटं धरलं असतं, तर ती माझ्या कपाटातल्या कोऱ्या पात्याच्या कट्यारीची बहीण झाली असती.

"कुठं दिलीय?"

"बसस्टँडना मांगे. काबरं?"

मी पिशवी खाली ठेवलीच नव्हती. मैत्रिणीचा हात धरला आणि निघाले. तिनं नवी साडी नेसलेली, ती एका हातानं निऱ्या धरून माझ्यामागे. "अगं, चहा तरी," एवढंच तिचं वाक्य मला आठवतं.

दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. बाहेर लग्नसराईच्या पातेल्यांची आणि समयांची रास. आत तोंडाला रुमाल बांधून एक माणूस बसला होता, समोर चाक गरगर फिरत होतं. म्यान बाजूला पडलेलं. त्याच्या पितळी टोपणावरून चाक फिरून झालं होतं, ते नव्या तांब्यासारखं झळकत होतं. तेवढं गेलं ते गेलंच. पातं अजून काळं होतं, पण ते त्याच्या मांडीवर होतं आणि तो चाकाला पॉलिशचा मसाला लावत होता.

"थांबा," मी म्हणाले.

"थांबानं नही बाई. हळदना टाईम शे. नानानी सांगेल शे, आरसाना मायक पाहिजे."

मी भिंतीवरचा प्लग काढला. चाक हळूहळू थांबलं. त्यानं रुमाल खाली ओढला.

"बाई, दुकान मनं शे."

"हो, तुमचंच आहे. प्लगही तुम्हीच लावा. आधी नानांशी बोलू द्या."

त्याला ते पटलं नाही, पण मैत्रीण नानांची पुतणी निघाल्यावर तो विडी पेटवून बाहेर पातेल्यांजवळ जाऊन बसला. मैत्रिणीनं व्हिडिओ कॉल लावला. नानांचा अर्धा चेहरा दिसला, मागे मांडव.

"नाना, हे मशिनवर धरू नका. याच्यावर चित्र आहे."

"काय चित्र? माले ते काळंच दखाई राह्यनं."

सांगून उपयोग नव्हता, दाखवायला हवं होतं. मी दुकानाच्या पायरीवर बसले, पातं मांडीवर आडवं घेतलं, कापडावर तेल घेतलं आणि पुसायला लागले. सगळ्यात वर हळद होती, तिच्याखाली शेंदराचा घट्ट थर, त्याखाली लिंबाच्या रसानं आलेला काळेपणा. टोकाकडचं पोलाद लिंबानं पार खाल्लं होतं, तिथं चित्रातलं काही उरलं नव्हतं. मधला भाग मात्र शेंदरानं झाकून ठेवला होता. मी बांबूच्या काडीनं थर सोडवत गेले. काळ्यातून एक फांदीसारखी रेघ वर आली, तिला दुसरी फुटली.

"हे बघा. शिंग आहे."

"कशानं शिंग?" नानांनी डोळा फोनला लावला होता, त्यामुळे मला फक्त त्यांची भुवई दिसत होती.

मध्येच फोनवर नवरदेव आला. गालाला हळद लागायची बाकी होती, पण मुंडावळ्यांची घाई दिसत होती. "काकू, काळी नको दिसायला. मागच्या लग्नात मित्र म्हणाले, गंजलेली सुरी घेऊन बसलाय."

"काळी दिसणार नाही. एक तास द्या मला."

"फोटोवाला थांबणार नाही."

नानांचं मन नातवाकडे झुकलेलं कळत होतं. "ताई, तुम्हनं बराबर शे. पन पोर्‍याना एकच दिन शे..." आणि इतक्यात मागून एका बाईचा आवाज आला.

"हरीन शे का त्यावर?"

ती अक्का होती, मैत्रिणीची आई. आबांची थोरली सून, नानांची वहिनी. फोन तिच्या हातात गेला असावा, कारण एकदम छत दिसलं, मग तिचा चेहरा.

"शिंग दिसतंय, अक्का. कशाचं ते अजून कळत नाही."

"दोन कुत्रा बी शेत. एक मांगला पायजवळ, एक गळाजवळ."

मी पुसायचं थांबले. शिंगाच्या पुढे मी गेलेच नव्हते. मग खाली गेले. मान निघाली, आणि मानेला झोंबणारं एक कुत्रं. मागे सरकले. मागचा पाय निघाला आणि त्याच्याशी दुसरं. प्रत्येक केस वेगळा कोरलेला होता. मैत्रीण माझ्या खांद्यावरून वाकली होती.

"वहिनी, तुले कसं माहीत?" नाना पलीकडे विचारत होते.

"मना लगीनले दखं. मान खाले व्हती, वर दखानी सोय नव्हती. तुना भाऊना हात आनि हाई कट्यार, इतलंच दखाये. तोंड ते मी दुसरा दिन दखं."

"मंग इतला वरीस बोलनी काबरं नही?"

"कोनी इचारं?"

पलीकडे बायका हसल्या. मला वाटतं फोटोवालाही हसला. मग अक्कानं फोन तोंडाजवळ घेतला आणि बफिंगवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मशिनवर नका धरा. बाईले दी टाका."

बफिंगवाल्यानं विडी विझवली, म्यान माझ्या हातात ठेवलं. टोपणाची मजुरी घेईना. "अक्का बोलनी ना," म्हणाला आणि स्वतः उठून प्लग लावला.

घरी परत आल्यावर मांडवाच्या कडेला एका चटईवर मी बसले आणि उरलेलं काम केलं. एकदा हरीण आहे म्हटल्यावर प्रत्येकाला ते बघायचं होतं. ते तिकडच्या रानातलं, सांबरासारखं थोराड हरीण होतं. दुसऱ्या बाजूनं रानडुक्कर निघालं, तेव्हा टाळी पडली. पात्याच्या मुळाशी भिंगातून झोलिंगेन या पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन गावाचं नाव वाचता आलं. माझ्या मनात लाडू फुटत होते, पण हात सावकाश चालू ठेवला. शेंदूर घाईनं निघत नाही.

नाना शेजारी पाटावर बसून आल्या-गेल्याला सांगत होते, "जर्मनना जनरलनी शे. आमना आबा लई उनात."

इथं मला ठरवायचं होतं. खोटं मला नोंदवता येत नाही आणि ऐकत बसताही येत नाही.

"नाना, ही जनरलची नाही. मुठीवरची फळं ओकची आहेत, पात्यावर शिकार आहे. ही फॉरेस्टच्या साहेबाची."

मैत्रिणीनं मला कोपर मारलं. मांडवातले दोघे-तिघे नानांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"फॉरेस्टवालानी?"

"हो."

"म्हंजे आबानी फॉरेस्टवालानी कट्यार काढी लई?"

"तसंच झालं असणार."

नानांनी मांडीवर हात मारला. "मंग ते आखो भारी. जनरलले कोनीबी हराई टाकी. फॉरेस्टवालाले आठे आजलगून कोनी हराई दखाडं शे का?"

सातपुड्याच्या पायथ्याला ज्यांची सोयरीक आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. दुपारपर्यंत ती गोष्ट मांडवभर झाली, आणि प्रत्येक सांगण्यात तो जर्मन फॉरेस्टवाला थोडा जास्त जाड होत गेला.

पातं आरशासारखं झालं नाही. ते राखी, तेलकट, दाट रंगाचं झालं आणि त्यावर हरीण पळत होतं. नवरदेवानं हातात घेऊन इकडून तिकडून फिरवलं. फोटोवाल्यानं जवळून फोटो काढले, मग आणखी जवळून. "काकू, याच्यासमोर बाजारची कट्यार म्हणजे चमचा," नवरदेव म्हणाला. मी ते मानपत्र समजून घेतलं.

एकच गोष्ट राहिली होती. लिंबू.

"लिंबू लावता ते न लावलं तर?" मी विचारलं.

"लिंबूबिगर हळद लागस नही," नाना म्हणाले. त्यात चर्चेला जागा नव्हती, आणि मलाही ती नको होती. कट्यार इतकी वर्षं टिकली ती लिंबामुळेच. लिंबू नसतं तर ती केव्हाच भंगारात गेली असती. पण लिंबाचा रस पोलादाला लागता कामा नये हेही खरं.

मांडवामागे कापसाच्या शेतातून काढून आणलेल्या ठिबकच्या नळ्यांची वेटोळी पडली होती. नळ्यांमध्ये माझं आयुष्य गेलं आहे. मी विळीवर बोटभर तुकडा कापला, त्याचं एक तोंड तिरकं छाटून टोकदार केलं, पात्याच्या टोकाला मेण चोळलं आणि नळी वर चढवली. घट्ट बसली. लिंबू नळीवर खोचलं. रस नळीवरून ओघळला, खाली मेणापाशी थांबला. नानांनी हलवून बघितलं, उलटं करून बघितलं. लिंबू पडलं नाही.

"हाई चालस," ते म्हणाले. "हाई ते पहिलेच कराले पाहिजे व्हतं."

"पहिले ठिबक व्हतं का?" अक्का म्हणाली.

हळद लागली. बायकांनी गाणी म्हटली, नवरदेव कानापर्यंत पिवळा झाला. कट्यार पिवळी होऊ द्यायची नाही असं मी ठरवलं होतं, पण अक्कानं बोटभर हळद मुठीला लावलीच. तिला मी अडवलं नाही. तेवढी मीच नंतर पुसली.

जेवायला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी होती. पंगतीत अक्का माझ्या शेजारी बसली आणि मी माझ्याकडच्या असल्या वस्तू कशा ठेवते ते विचारू लागली. मी सांगितलं: कोरडं कपाट, प्रत्येकीला वेगळी सुती पिशवी, पावसाळ्यात दर आठवड्याला उघडून बघायचं, पातं आणि चामड्याचं म्यान वेगळं. त्यांच्याकडे ती कपड्यांच्या पेटीत, म्यानात घालून, ओल्या हळदीसकट ठेवत. कट्यार विकत मागायची असं मी जळगावहून ठरवून निघाले होते. पंगतीत बसल्यावर तो विचार मला स्वतःलाच चालला नाही. जिच्या नवऱ्याच्या हातात ती होती, तिच्याकडे काय मागणार?

अक्कानं बट्टी कुस्करली, तूप ओतलं आणि समोर बसलेल्या नानांना म्हणाली, "लगीन व्हयनं का कट्यार हाई बाई लई जाई."

"वहिनी, घरनी वस्तू बाहेर?"

"तू सोनं बँकमां ठेवस ना?"

"ते येगळं."

"बँकमां तुना कोन भाऊबंद शे?"

नाना वरण वाढणाऱ्याला हाक मारायला लागले. अक्का माझ्याकडे वळली आणि अट सांगितली. कट्यार माझ्याकडे राहील, पण वस्तू त्यांची. भावकीत लग्न निघालं की मी ती स्वतः घेऊन यायची, कुणाच्या हाती पाठवायची नाही. आणि लिंबू मीच लावायचं. मी तिथल्या तिथे कबूल झाले. बट्टी हातात तशीच राहिली होती.

आता ती माझ्या कपाटात सगळ्यात वरच्या कप्प्यात असते. परदेशातल्या एका संग्राहकाला फोटो पाठवले, तर त्यानं टोक का खाल्लं गेलंय ते विचारलं. मी लिहिलं: लिंबामुळे. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सविस्तर लिहिलं. नंतर त्यानं कळवलं की त्याच्याकडे कोऱ्या अवस्थेतल्या पुष्कळ आहेत, पण अजून कामावर असलेली एकही नाही.

त्यानंतर त्यांच्या भावकीत बरीच लग्नं झाली. परवाचं धुळ्याला होतं. वाटेत बसचं चाक पंक्चर झालं आणि मला उशीर झाला. पोहोचले तेव्हा घोडा उभा, बँडवाले घामानं निथळलेले, नाना रस्त्याच्या मधोमध उभे राहून फोनवर माझाच नंबर लावत होते. हळद कशीबशी बाजारच्या कट्यारीवर उरकली होती, पण वरातीला ती चालणार नव्हती; घोड्यावर बसलेल्या नवरदेवाचे दोन्ही हात रिकामे. वरात हलत नव्हती.

"ताई उनात," नाना ओरडले, आणि गर्दी फाकली.

मी पिशवी उघडली, सुती कापड सोडलं, मेण, नळी, लिंबू, सगळं जागच्या जागी लावून कट्यार वर नवरदेवाच्या हातात दिली. बाजूला होणार तेवढ्यात अक्कानं माझा दंड धरला. ती काठी टेकत घोड्याच्या पुढं आली होती.

"कथं चालनी? कट्यार जठे, तू तठे."

ती जागा घरच्या पुरुषांची असते. नानांनी एकदा अक्काकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि बँडवाल्यांना हातानं खूण केली. बँड वाजायला लागला. मी नवरदेवाच्या उजव्या हाताला, घोड्याच्या लगामाशेजारी, पिशवी काखोटीला मारून, वरातीच्या पुढं चालायला लागले.